भावाला खटकलं ते, आणि तुम्हाला आवडलं ते

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. माझी शिफ्ट रात्री उशिरा संपते आणि त्या वेळी घरी परतायला दुसरं साधन मिळत नाही, म्हणून स्वतःची मोटारसायकल घ्यायची आहे. नवी परवडत नाही. ऑफिसातले एक सहकारी त्यांची १५० सीसीची गाडी विकताहेत. १३ वर्षं जुनी आहे, मीटरवर ६१ हजार किलोमीटर दिसतात आणि गेले आठ-नऊ महिने ती बंद उभी होती. मी पाहायला गेले तेव्हा त्यांनी ती धुऊन-पुसून ठेवली होती आणि एका सेल्फमध्ये सुरू झाली. सुरुवातीला जरासा धूर आला, मग थांबला. ते म्हणाले, बरेच दिवस बंद होती म्हणून. इंजिनचा आवाज मला शांत वाटला. हँडल फिरवलं की मधोमध आल्यावर आपसूक थांबतं, त्यामुळे गाडी सरळ चालत असावी. भावाने पाहिली आणि म्हणाला, टायर गुळगुळीत, चेन लोंबतेय, सीट फाटलीय, आरसे तुटलेत, हे भंगार आहे. सहकारी म्हणतात, ‘चेन-टायर टाकलं की गाडी झाली.’ ते मागतात ती रक्कम माझ्या शिलकीच्या निम्मी आहे. मला गाडी चालवता येते, दुरुस्तीतलं काही कळत नाही. घेऊ का?

उत्तर : आज तरी हो म्हणू नका. नाही म्हणायचीही घाई नको. ही गाडी अजून नीट पाहूनच झालेली नाही.

भावाने मोजलेल्या चारही गोष्टी दुकानात नव्या मिळतात आणि कुठलाही बरा मेकॅनिक त्या एका दिवसात बसवून देतो. तुम्हाला आवडलेल्या गोष्टी तीन आहेत. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, इंजिनचा आवाज शांत होता आणि हँडल मधोमध थांबत होतं. मला काळजी वाटते ती या तीन गोष्टींची. तुम्हाला रात्री, एकटीने, रोज या गाडीवर घरी यायचं आहे. त्यामुळे मी जरा सविस्तर लिहितो.

मोटारसायकलचे काही भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. टायर, चेन-स्प्रॉकेट (स्प्रॉकेट म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक), ब्रेक पॅड, लायनर, क्लच प्लेट, केबल, बॅटरी. ६१ हजार किलोमीटरमध्ये हे सगळं बदलून झालेलं असायला हवं, काही गोष्टी तर दोन-तीनदा. ते आत्ता झिजलेले असतील तर त्यांचा खर्च किमतीतून वजा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे भाग गाडीच्या आयुष्यभरासाठी असतात. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, गियरबॉक्सचे दाते, सिलिंडरची भिंत. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत हे भाग फार सावकाश झिजतात, न बदललेल्या गाडीत भराभर. जुनी गाडी झिजलेली असणारच, त्यात वाईट काही नाही. हयगय झालेली गाडी मात्र घेऊ नये. दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात, म्हणून जवळ जाऊन बघावं लागतं.

इथे भावाचं म्हणणं उडवून लावू नका. लोंबणारी चेन तशी मोठ्या खर्चाची गोष्ट नाही, पण मालकाबद्दल ती बरंच सांगते. गाडी डबल स्टँडवर लावून मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला जा. तिथे चेनची एक कडी चिमटीत धरून सरळ मागे, स्वतःकडे ओढा. चांगली चेन दात्यांवर घट्ट बसलेली असते, जेमतेम हलते. कडी सुटून खालचा दाता अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेनचं आयुष्य संपलंय. मग दाते बघा. ते सरळ असायला हवेत. एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटही बदलावे लागतील, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. आता चेनच्या कड्यांवर बोट फिरवा. बोटाला काळं वंगण लागलं तर निदान कुणीतरी लक्ष देत होतं. कोरडा तांबडा गंज लागला तर मनात प्रश्न यायला हवा, की ज्याने समोर दिसणाऱ्या चेनला तेल दिलं नाही, त्याने न दिसणारं इंजिन ऑइल वेळेवर बदललं असेल का? मेकॅनिकची जुनी बिलं, सर्व्हिसचं पुस्तक, काहीही मागा. कागद दिसला तर तोंडी सांगण्याला वजन येतं.

आता ते एका सेल्फमध्ये सुरू होणं. नऊ महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आपोआप भरलेली राहत नाही, आणि टाकीतलं पेट्रोल इतक्या दिवसांत शिळं होतं. म्हणजे तुम्ही यायच्या आधी कुणीतरी बॅटरी चार्ज केली, बहुधा गाडी आधी सुरूही करून ठेवली. यात फसवणूक असेलच असं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर आपणही घर आवरतोच. पण तापलेलं इंजिन आपले बरेचसे दोष झाकतं, त्यामुळे तुम्ही पाहिलेली ती सुरुवात हिशेबात धरू नका. पुन्हा जायचं तेव्हा आधीच सांगून ठेवा, ‘मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका, मला थंड इंजिनवर बघायचीय.’ सकाळी लवकर जा. पोचल्याबरोबर पहिलं काम हे, की इंजिनच्या जवळ तळहात न्या. गरम लागलं नाही तर हलकेच टेकवा. गरम असेल तर त्या दिवशी पाहणं थांबवा आणि दुसरा दिवस ठरवा. एवढं स्पष्ट सांगूनही दुसऱ्यांदा गाडी गरमच मिळाली, तर मला विचारण्याचीही गरज नाही, ती गाडी सोडून द्या.

थंड गाडी सुरू करताना तुम्ही सायलेन्सरच्या मागे, जरा बाजूला उभ्या राहा आणि सेल्फ दुसऱ्या कुणाला मारू द्या. धुराचा रंग बघायचा आहे. थंड सकाळी पांढरी वाफ निघते, सायलेन्सरच्या तोंडाशी पाण्याचे थेंब दिसतात आणि इंजिन तापलं की ते थांबतं. हे अगदी ठीक आहे, इतके दिवस बंद असलेल्या गाडीत तर अपेक्षितच. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, कार्बोरेटर किंवा इंजेक्शनच्या सेन्सरचं काम, बहुतेक वेळा आटोक्यातलं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि तो कधी येतो यावर सगळं आहे. सुरू करताच एक निळा झोत येऊन थांबला, तर रात्रभर वॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या, कडेने ऑइल खाली झिरपलंय, म्हणजे वॉल्व्ह सील कडक झालेत. त्यासाठी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावा लागतो. पण गाडी तापल्यावरही रेस दिली की निळा धूर, पळवताना निळा धूर, असं असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडर झिजलेत. आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ काम निघालं, म्हणजे इंजिनचा वरचा अर्धा भाग खोलायचा. तुम्ही पत्रात नुसतं ‘जरासा धूर’ लिहिलंय, रंग लिहिलेला नाही. ती वाफ होती की ऑइल, यावर या गाडीची अर्धी किंमत ठरते. (हे सगळं फोर स्ट्रोक इंजिनबद्दल. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तिथे थोडा निळा धूर असतोच.)

धुऊन-पुसून ठेवलेल्या गाडीचा एक तोटा असा, की इंजिनवरची गळती दिसत नाही. म्हणून चक्कर मारून आल्यावर गाडी स्टँडवर लावा, खाली एक जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र सरकवा आणि पंधरा-वीस मिनिटं बाकीचं बघत राहा. मग मोबाइलच्या उजेडात हेड आणि ब्लॉकच्या जोडावर, टॅपेट कव्हरभोवती (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण), इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांना, गियर लिव्हरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे बघा. कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर काम किरकोळ. इंजिनच्या खालच्या भागावर चीर असेल, किंवा कुणी तिथे एपॉक्सीचा लेप देऊन ठेवला असेल, तर तो कशासाठी दिला ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी ऑइल खात असेल किंवा गळत असेल, आणि मालकाने बघितलेलं नाही एवढं तर नक्कीच. थेंबभर ऑइल बोटांवर चोळा. काळं असेल तर घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळंच होतं. उन्हात धरल्यावर त्यात चमचमते कण दिसले तर आतलं काहीतरी घासून निघतंय. दुधी, चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. आणि ते अगदी नवंकोरं, मधासारखं सोनेरी असेल तरी विचारा, कधी बदललं, कुठलं घातलं? विकायच्या आधी मुद्दाम जाड ऑइल घातलं की आतली खडखड दबते, धूरही काही दिवस कमी होतो. तुम्हाला आवाज शांत वाटला यात एवढीच गोष्ट मला खटकते. तुमच्या सहकाऱ्यांनी तसं केलं असेल असं मी म्हणत नाही, पण विचारायला काही हरकत नाही.

आवाजांचं म्हणाल तर ते शब्दांत शिकवणं अवघड आहे, तरी ढोबळ ओळख करून देतो. इंजिनच्या वरच्या भागातून बारीक टिकटिक येते ती वॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची. ती सेट करता येते, आणि थोडी टिकटिक निरोगी इंजिनातही असते. बाजूने खळखळ येत असेल तर इंजिनच्या आतली टायमिंग चेन सैल झालीय. ते काम करून घ्यावंच लागतं. खोलातून, पार तळातून ठकठक येत असेल आणि रेस दिल्यावर ती वाढत असेल, तर क्रँक किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. म्हणजे ‘फुल इंजिन’, पूर्ण इंजिन खोलायचं काम. हा आवाज ऐकू आला तर किंमत विचारत बसू नका. एवढ्या जुन्या गाडीला तो खर्च बहुतेक परवडतच नाही.

तुम्हाला यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझा आग्रह एका चाचणीचा आहे. तिच्यात कान आणि अनुभव लागत नाही, आकडा मिळतो. तिला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. इंजिन तापवून स्पार्क प्लग काढतात, त्या जागी गेज लावतात, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून सेल्फ किंवा किक मारतात. सिलिंडर किती दाब धरतो ते गेजवर दिसतं. तो आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंग-सिलिंडरचा. वाढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. फार वेळ लागत नाही आणि कुठल्याही जाड ऑइलने हा आकडा फारसा सावरून घेता येत नाही. त्याच वेळी काढलेला प्लगही बघून घ्या. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. काळं, तेलकट, ओलं असेल तर निळ्या धुराची साक्ष मिळाली. मेकॅनिक मात्र तुमच्या ओळखीचा हवा, विकणाऱ्याच्या नको. आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या, म्हणजे तो गाडी विकली जावी म्हणून गोड बोलणार नाही.

आता हँडल. मधोमध आपसूक थांबणारं हँडल हा गुण नाही, दोष आहे. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याला गॅरेजमध्ये कोनसेट म्हणतात. त्यातले छर्रे वर्षानुवर्षं एकाच जागी आपटत राहिले की वाटीत बारीक खळगे पडतात, आणि गाडी सरळ असताना छर्रे नेमके त्या खळग्यांत जाऊन बसतात. तोच तुम्हाला जाणवलेला खटका. पुढचं चाक जमिनीपासून उचलून धरायला कुणाला तरी सांगा आणि हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. ते कुठेही न अडखळता फिरायला हवं. मग चाकापुढे बसून फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोकं दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ढकला. खटखट झाली तर कोनसेट सैलही आहे. असं हँडल चालवताना फार दगा देतं. सरळ रेषेत राहण्यासाठी आपण नकळत करत असतो त्या बारीक हालचाली त्या खटक्यात अडकतात आणि गाडी किंचित नागमोडी चालते. नवखा चालक स्वतःलाच दोष देत राहतो. कोनसेट बदलणं मोठ्या खर्चाचं नाही, पण ते गाडी रोज वापरायला काढायच्या आधी झालं पाहिजे.

कोनसेट बिघडण्याचं कारण मात्र शोधा. १३ वर्षं खड्ड्यांतून चालवली, एवढं पुरेसं कारण असू शकतं. समोरून आपटलेली गाडीही असू शकते. हँडल पूर्ण वळवल्यावर ते चेसिसच्या मानेवरच्या एका लोखंडी अडणीला टेकतं. ती अडणी एका बाजूला चेपलेली किंवा तुटलेली असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. त्याच मानेजवळ चेसिसच्या नळ्यांवर रंगाला भेगा, सुरकुती, किंवा बाकीच्या चेसिसपेक्षा वेगळाच ताजा रंग दिसतो का बघा. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्ट, सायलेन्सर, इंजिनची झाकणं यांवरचे ओरखडे एकाच बाजूला असतील तर ती बाजू रस्त्यावर घासली गेलीय. मग चार-पाच पावलं मागे जाऊन खाली बसा आणि हँडल सरळ धरायला सांगून मागून बघा. पुढचं चाक मागच्या चाकामागे नीट लपायला हवं. उभी गाडी नुसती कलंडणं वेगळं, त्याने काही बिघडत नाही. चेसिस वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल तर नको म्हणा. मग इंजिन कितीही चांगलं असो, किंमत कितीही उतरो.

एवढं पाहून झालं की हेल्मेट घालून, रिकाम्या रस्त्यावर चालवून बघा. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून खात्री करा, आणि टायर इतके गुळगुळीत असताना ओल्या रस्त्यावर मुळीच जाऊ नका. क्लचसाठी चौथ्या गियरमध्ये, बेताच्या वेगात असताना अॅक्सिलरेटर एकदम उघडा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच प्लेट घसरताहेत. आधी क्लच केबलला थोडी ढील आहे ना बघा, कारण ताणलेली केबलही हेच करते. मग प्रत्येक गियरमध्ये, विशेषतः दुसऱ्यात, जोर द्या आणि सोडा. गियर आपोआप निसटून न्यूट्रल झाला तर इंजिनच उघडावं लागेल. पुढचा ब्रेक दाबताना लिव्हर बोटांना धडधडल्यासारखी जाणवली तर डिस्क वाकडी आहे. ब्रेक दाबून फोर्क दोन-चारदा खाली-वर करा आणि चकचकीत नळ्या बघा. ऑइलचं कडं उमटलं तर सील गेलेत. नळीला नख लावून गंजाचे खड्डे जाणवले तर नुसते सील बदलून भागणार नाही, नवे सीलही पुन्हा फाटतील. मागचं चाक धरून आडवं हलवा. ते धरणाऱ्या चिमट्याला खेळ लागला तर त्याचे बुश गेलेत.

टायरवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. गुळगुळीत टायर तर बदलायचाच आहे, पण एखाद्यावर नक्षी भरपूर दिसली तरी तो किती जुना आहे हे बघा. दहा वर्षांचा टायर कितीही छान दिसला तरी टाकून द्यायचा. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून भेगा बघा. ब्रेक ऑइल काळपट तपकिरी झालं असेल तर ते हवेतला ओलावा शोषून निकामी झालंय. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीकडे लक्ष द्या. झाकण उघडून आत उजेड पाडा. आतल्या भिंतीवर तांबूस पापुद्रे दिसले तर तो गंज कार्बोरेटर पुन्हा पुन्हा तुंबवत राहील, आणि गाडी नेमकी रात्री बंद पडेल. बॅटरीला मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना, जरा रेस देऊन, १३.५ ते १४.५ च्या आसपास यायला हवेत. इंजिन सुरू असताना तेवढे येत नसतील तर नवी बॅटरी टाकूनही ती उतरत राहणार. तुम्ही रात्री चालवणार आहात, तेव्हा हेडलाइट, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर सगळं स्वतः लावून बघा. सीटखाली किंवा हेडलाइटमागे चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरींचा गुंता दिसला, तर कुणीतरी जुगाड करून ठेवलाय, आणि असा दोष शोधण्यात मेकॅनिकचे तासन् तास जातात.

मीटरवरच्या ६१ हजारांवर फार विसंबू नका. फूटरेस्टचं रबर, ब्रेकचं पेडल, गियर लिव्हरचं टोक, किल्लीचे दाते किती झिजलेत बघा. ते मीटरच्या आकड्याशी जुळायला हवेत. चेसिसच्या मानेवर कोरलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर स्वतः वाचून कागदाशी एकेक आकडा ताडून पाहा. गाडी सहकाऱ्यांच्याच नावावर आहे का, तिच्यावर कर्ज किंवा दंड थकलाय का, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. ओळखीचा माणूस आहे म्हणून यात सूट देऊ नका.

आता पैसा. एक कागद घ्या आणि मेकॅनिकने सांगितलेलं प्रत्येक काम, सुट्या भागाची किंमत आणि मजुरी धरून, खाली खाली लिहा. दोन टायर, चेन-स्प्रॉकेटचा सेट, कोनसेट, ब्रेक, बॅटरी, सगळी ऑइलं, फिल्टर, प्लग. आरसेही याच यादीत, रात्री मागची गाडी दिसली पाहिजे. सीटचं कव्हर शेवटी लिहा, त्याला घाई नाही. बेरजेवर आणखी चौथा हिस्सा वाढवा, कारण गाडी उघडल्यावर काहीतरी निघतंच. ही रक्कम गाडीच्या किमतीत मिळवा आणि त्याच मॉडेलची सुस्थितीतली, चालती गाडी कितीला मिळते त्याच्याशी तुलना करा. बेरीज तिच्या जवळ गेली तर ही गाडी महाग आहे. तुमच्या हिशेबात आणखी एक ओळ मी स्वतःहून घालतो, चांगल्या हेल्मेटची, हातमोज्यांची आणि घोटा झाकणाऱ्या बुटांची. गाडी, दुरुस्ती आणि हे सगळं मिळून निम्म्या शिलकीत बसत असेल तर विचार करा. किमतीतच निम्मी शिलक गेली तर दुरुस्तीसाठी उरलेल्या निम्म्याला हात लागेल, आणि एकदा लागला की तो थांबत नाही. घेऊन टाकलेल्या गाडीवर माणूस ‘आता एवढं केलंच आहे तर’ म्हणत खर्च करत जातो. हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

तुमची अडचण मला समजते. सहकारी रोज समोर दिसणार, त्यांच्या गाडीत खोट काढायची कशी? पण तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे, आणि समंजस माणूस ती मनावर घेत नाही. सरळ म्हणा, ‘मला गाडीतलं कळत नाही आणि रात्री एकटीने चालवायची आहे, म्हणून माझ्या मेकॅनिकला दाखवते. जे निघेल ते आपण दोघं मिळून बघू.’ नंतर यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि किमतीबद्दल बोलताना गाडीला नावं ठेवू नका, यादीवरच बोला. घासाघीस करायला संकोच वाटत असेल तर आकडा लिहून द्या. व्यवहार ठरला तर ‘जशी आहे तशी घेतली’ हे दोघांनी मान्य करून लिहून ठेवा. महिन्याभराने काही बिघडलं तर ऑफिसात तोंडं फिरवायची वेळ यायला नको.

माझा निर्णय विचाराल तर असा. थंड इंजिनवर निळा धूर नाही, कॉम्प्रेशन मॅन्युअलच्या हद्दीत, तळातून ठकठक नाही, गियर निसटत नाही, चेसिस सरळ आणि कागद साफ, एवढं जुळलं तर भावाची सगळी यादी खरी असूनही ही गाडी घ्यायला माझी हरकत नाही. किंमत त्या यादीइतकी खाली यायला हवी. फक्त सुरुवातीचा एक निळा झोत असेल आणि बाकी सगळं ठीक, तर हेडचं काम यादीत धरून पुन्हा बेरीज करा. रिंग-सिलिंडरचं काम निघालं तर तुम्हाला नको म्हणेन. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, उघडझाप करायची हौस आहे, त्याच्यासाठी ती चांगली असेल. तुम्हाला उद्याच्या शिफ्टला जायचंय, आणि इंजिन खोललेली गाडी कधी कधी सुट्या भागांची वाट बघत दिवसेंदिवस पडून राहते. त्यासाठी आधी हेही विचारून घ्या, की या मॉडेलचे भाग अजून मिळतात का.

घेतलीच तर पहिल्याच दिवशी कामावर नेऊ नका. आधी टायर, ब्रेक, कोनसेट, चेन आणि सगळी ऑइलं. मग आठवडाभर दिवसाउजेडी, घराजवळच चालवा, रोज सकाळी ऑइलची पट्टी आणि खालची जमीन बघा. ऑइलची पातळी आठवडाभर जागची हलली नाही तर रात्रीच्या रस्त्यावर काढा.

कॉम्प्रेशनचा आकडा, गाडीचं मॉडेल आणि धुराचा रंग मला लिहून पाठवा. ते हातात आलं की याहून नेमकं सांगता येईल.